न कळलेल्याची दुरुस्ती



एखादी वस्तू आपल्याला पूर्णपणे समजलेली नसताना तिची दुरुस्ती हाती घ्यावी का? वरवर पाहता हा प्रश्न कारागिराचा वाटतो. थोडा विचार केला तर तो आपल्या घरातला, नात्यांतला आणि समाजातलाही आहे, हे ध्यानात येते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण एका जुन्या यंत्राकडे वळू या.

अमेरिकेत व युरोपात हिवाळ्यासाठी जनावरांचा चारा म्हणून उन्हाळ्यात गवत कापून वाळवून ठेवतात. हे गवत कापायला ट्रॅक्टरच्या बाजूला किंवा मागे जोडायचे एक यंत्र असते. त्याचे नाव विळ्यावरून पडले, पण त्याचे काम मात्र कात्रीसारखे चालते. एका लांब लोखंडी पट्टीवर त्रिकोणी पाती रिबिटांनी ठोकलेली असतात. एक पाते साधारण 3 इंच रुंद, म्हणजे 7 फुटी पट्टीवर 28 पाती झाली. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचे मिनिटाला 540 फेरे होतात. त्या जोरावर ही पट्टी सतत डावी-उजवीकडे सरकत राहते आणि पुढे बोटांसारख्या निघालेल्या लोखंडी टोकांमध्ये सापडलेले गवत कापले जाते. ही युक्ती बरीच जुनी आहे. ओबेड हसी यांना 1833 साली आणि सायरस मॅकॉर्मिक यांना 1834 साली अमेरिकेत कापणी यंत्राचे पेटंट मिळाले, तेव्हापासून ती चालत आली आहे.

पुढे फिरत्या तबकड्यांची वेगवान यंत्रे आली आणि ही जुनी यंत्रे गोठ्यामागे गंजत पडली. तरी आजही एखादा लहान शेतकरी असे यंत्र स्वस्तात घेतो. त्याच्यावरची कंपनीची पाटी झिजलेली असते आणि माहितीपुस्तक केव्हाच हरवलेले असते. कंपनीला विचारावे, तर ती राहिलेली असतेच असे नाही. 1902 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसारख्या बलाढ्य कंपनीचाही शेती-अवजारांचा व्यवसाय 1985 साली विकला गेला. त्यात आधीच्या मालकांनी आपापल्या परीने डागडुजी केलेली असते. कुठे दुसऱ्याच यंत्राचा बोल्ट, तर कुठे घरी कापलेली पट्टी. यांतले मूळचे कोणते आणि मागाहून आलेले कोणते, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो.

अशा वेळी माणसापुढे दोन मोह उभे राहतात. एक म्हणजे, ‘कळत नाही ना, मग भंगारात काढा.’ दुसरा म्हणजे, ‘त्यात काय कळायचे आहे? आणा हातोडा!’ पहिल्यात कष्ट टाळण्याची वृत्ती आहे, तर दुसऱ्यात अहंकार आहे. आमच्या मते दुसरा मोह अधिक घातक आहे, कारण तो कर्तबगारीचा वेष घेऊन येतो.

हे यंत्रच त्याची तीन उदाहरणे देते. पहिले असे की, यंत्र उभे असताना त्याची कापणीची पट्टी सरळ नसते. तिचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा थोडे पुढे असते, साधारणपणे दर फुटामागे पाव इंच. नवख्याला वाटते की पट्टी वाकली आहे आणि तो ती ओढून सरळ करतो. वास्तविक शेतात चालताना गवताच्या रेट्याने ते टोक मागे दाबले जाते आणि तेव्हाच पट्टी सरळ रेषेत येते. म्हणजे जे वाकडे दिसत होते, ते ओझ्याखाली सरळ राहावे म्हणूनच तसे ठेवलेले होते.

दुसरे उदाहरण दांड्याचे. पट्टीला मागेपुढे हलवणारा दांडा अनेक जुन्या यंत्रांत लाकडी असे. एवढ्या लोखंडात हे लाकूड कशाला, असे वाटून कोणी तिथे लोखंडी सळई बसवतो. पण लाकूड वजनाने हलके, धक्के सोसणारे आणि पट्टी कुठे अडकलीच तर सर्वांआधी तुटणारे. ते तुटते म्हणून महागाचे भाग वाचतात. तिसरे उदाहरण म्हणजे, दगडाला किंवा खुंटाला पट्टी आदळली की ती सुटून मागे वळावी, अशी अडकवण अनेक यंत्रांत असते. ती वारंवार सुटते म्हणून वैतागून कोणी वेल्डिंग करून टाकतो. आता पट्टी सुटत नाही, हे खरे. पण पुढच्या दगडाचा सारा तडाखा यंत्राला आणि ते चालवणाऱ्याला बसतो.

मग जुने ते सारे सोने, असे समजावे का? मुळीच नाही. आधीच्या माणसाने रिबिटाच्या जागी खिळा वाकवून ठोकला असेल, किंवा फिरत्या शाफ्टवरचे झाकण काढून टाकले असेल, तर तो त्याचा आळस होता. त्याला परंपरा म्हणून मान देणे हाही अन्यायच होय. प्रत्येक भागाला आपण एकच प्रश्न विचारावा: हा तुकडा कोणाला सांभाळतो? उत्तर मिळेपर्यंत तो काढू नये. उत्तर मिळाले आणि तो कोणालाच सांभाळत नाही असे दिसले, तर तो ठेवूही नये. यासाठी यंत्र बंद करून, शाफ्ट पूर्ण थांबवून, ते हाताने सावकाश फिरवून पाहावे लागते. न कळणे हा दोष नाही. पाहण्याइतका वेळ न देणे हा दोष आहे.

आणखी एक गोष्ट. मॅकॉर्मिक यांचे नाव इतिहासात झळकले. परंतु व्हर्जिनियातील त्यांच्या वडिलोपार्जित शेतावर ते यंत्र घडवताना जो अँडरसन नावाच्या गुलामाचे हात त्यात राबले होते. सायरस यांचे वडील रॉबर्ट यांनीही त्याआधी कित्येक वर्षे असे यंत्र बनवण्याची खटपट केली होती. आपल्या हाती आलेल्या प्रत्येक वस्तूत असे अनोळखी हात असतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतील, पण त्यांनी काहीतरी विचार केला होता एवढे गृहीत धरणे, ही त्यांना आपण देऊ शकणारी किमान प्रतिष्ठा आहे.

मागच्यांचे ऋण हे असे. पण त्याहून मोठे ऋण पुढच्यांचे. दुरुस्त झालेले यंत्र उद्या मुलगा चालवील, शेजारी मागून नेईल किंवा ते विकले जाईल. या पात्यांत बोट किंवा पाय सापडला तर तो राहत नाही. म्हणून कोणता भाग अंदाजाने बसवला आहे आणि कशाचे काम आपल्याला उमगले नाही, हे पुढच्याला स्पष्ट सांगणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. रंग मारून अज्ञान झाकणारा कारागीर कितीही कुशल असो, त्याला प्रामाणिक म्हणता येणार नाही.

घरातही हेच घडते. सून नवी असते आणि सासरच्या रीती तिला वाकड्या वाटतात. सासूला सुनेच्या सवयी वाकड्या वाटतात. म्हाताऱ्या वडिलांचा एखादा हट्ट किंवा अबोल माणसाचा एकलकोंडेपणा आपण ‘सरळ’ करायला धावतो. कदाचित तो त्यांच्या आयुष्यातला लाकडी दांडा असेल. त्या एका जागी ते तुटतात, म्हणून बाकीचे शाबूत राहतात. आणि कधी खरोखरच तो वाकवलेला खिळा असतो, जो प्रेमाने पण ठामपणे काढायलाच हवा. यांतला फरक हातोड्याला कळत नाही. तो जवळ बसून, विचारून आणि ऐकूनच कळतो.

येत्या आठवड्यात कोणाला सुधारण्याची इच्छा आपल्या मनात आली, तर आधी थोडे थांबू या. हे असे का आहे, हे त्यांनाच विचारू या. त्यांचे उत्तर ऐकल्यावरही दुरुस्तीची गरज वाटली, तर ती अवश्य करू या. मात्र ती त्यांना सांगून, उघडपणे.