पासबुकावरचे नाव

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या वसईकडच्या गावांतून सोळा-सतरा वर्षांची मुले कामाला लागलेली दिसतात. कोणी लग्नसराईत केटररच्या हाताखाली वाढपी म्हणून जातो, कोणी बँडमध्ये वाजवितो, कोणी मंडपाच्या सजावटीसाठी रात्र जागवितो. मुली शिकवण्या घेतात, दुकानात उभ्या राहतात. या मुलांना आपण दोनच प्रश्न विचारतो : किती मिळाले, आणि उडवले तर नाहीस ना? हे पैसे कोणाचे, हा तिसरा प्रश्न आपण विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर आपण गृहीतच धरलेले असते. तो प्रश्न विचारते बँक. खाते कोणाच्या नावे, आणि सही कोणाची?

पासबुक ही वस्तू आपल्या समाजाला नवी नाही. मॉन्सिन्योर मोनिस यांनी १९१८ साली सुरू केलेल्या पतसंस्थेतून बसीन कॅथॉलिक बँक उभी राहिली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. अज्ञान मुलाचे खाते मात्र दीर्घकाळ वडीलधाऱ्यांचेच प्रकरण राहिले. आईला पालक म्हणून असे खाते उघडता यावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना १९७६ ची. पुढे मे २०१४ मध्ये याच बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा दिली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. खात्यात किती रक्कम असावी, एटीएम कार्ड द्यावे की नाही, हे ज्या त्या बँकेने ठरवावे. अट एवढीच की खाते कधी उणे होता कामा नये.

या अटीच्या मागे एक जुना विचार आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीस करार करण्याची पात्रता नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष याने अज्ञान असताना आपली मिळकत सावकाराकडे गहाण टाकली होती. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने तो व्यवहार मुळातच निरर्थक ठरविला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सोळा वर्षांचा मुलगा धनको होऊ शकतो, ऋणको होऊ शकत नाही. त्याला मालकी आहे. त्याचे वचन मात्र त्याला बांधीत नाही.

घरात आपण नेमके उलटे करतो. "महिन्याला इतके देईन" असे वचन त्याच्याकडून घेतो आणि मालकी आपल्याकडे ठेवतो. कायदा ज्या गोष्टीस तो अपात्र मानतो ती त्याच्यावर लादायची, आणि ज्या गोष्टीस पात्र मानतो ती काढून घ्यायची, असा हा प्रकार होय.

यावर येणारा आक्षेप हलका नाही. ज्या घरात थोरल्या मुलाच्या मजुरीवर धाकट्याची फी भरली जाते, तेथे "माझे" आणि "तुमचे" ही भाषा ऐषआरामाची वाटते. एका छपराखाली दोन हिशेब म्हणजे वाटणीची पहिली रेघ, अशी भीती आईबापांना वाटली तर त्यांना आपण दोष देणार नाही. शिवाय पहिली कमाई आईच्या हाती ठेवण्याची सुंदर रीत आपल्यापैकी अनेकांनी पाळलेली आहे. त्या रीतीला आता खात्याने मोडता घालावा काय?

आम्हांस वाटते, त्या रीतीतच या आक्षेपाचे उत्तर आहे. ते पाकीट आईच्या हाती जाण्यापूर्वी मुलाच्या हाती आलेले असे. मध्ये बसचा प्रवास असे, बाजार असे, मोह असे; आणि तरीही पाकीट न फोडता घरी येई. मजुरी परस्पर वडिलांच्या खात्यात जमा झाली, तर मुलाने आईच्या हाती ठेवायचे काय? ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याकडून घेता येते, त्याला देता मात्र येत नाही. घराला गरज असेल तर त्याने आपला वाटा द्यावा, तो त्याचा धर्मच आहे. तो वाटा किती हे समोरासमोर बसून ठरावे, आणि उरलेल्याला कोणी हात लावू नये.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत अशा वेळी हटकून सांगितला जातो : पाहा, तरुणाच्या हाती पैसा पडला की काय होते! पण धाकट्याने उधळला तो बापाचा पैसा होता. त्याने तो कमावलेला नव्हता. आपल्या विषयाशी जवळचा आहे तो थोरला. वर्षानुवर्षे बापाच्या शेतात राबूनही मित्रांसाठी एक करडू कापण्याची सोय त्याला नाही. जे माझे ते तुझेच, असे बाप म्हणतो, आणि ते मनापासून म्हणतो. तरीही थोरला अंगणाबाहेर रुसून उभा आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो आत आला की नाही हे सांगितलेलेच नाही. सारे तुझेच आहे, असे सांगणाऱ्या घरात स्वतःचे म्हणता येईल असे काहीच नसणे, ही त्याची तक्रार आपल्या प्रवचनांतून फारशी ऐकू येत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक बिकट आहे. मुलाची कमाई निदान त्याची म्हणून मोजली जाते. मुलीची "तिच्या लग्नासाठी" म्हणून आईच्या खात्यात जाते. १८७४ च्या कायद्याने विवाहित स्त्रीची मजुरी ही तिची स्वतंत्र मिळकत ठरविली. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना तो लागू नव्हता. ख्रिस्ती स्त्रियांना होता. डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणाऱ्या आपल्या पणज्यांपैकी किती जणींना कोणी हे सांगितले असेल?

देखरेख नको असे आम्ही म्हणत नाही. थोड्या कमिशनाचे आमिष दाखवून विद्यार्थ्यांची खाती वापरायला घेतात आणि त्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवितात, हे आता वारंवार उघडकीस येते. पोलीस शेवटी खातेदारालाच शोधीत येतात. खाते, कार्ड वा पिन कोणाला देऊ नये, हे बापाने ठणकावून सांगावे, आणि अनोळखी रक्कम जमा झाली तर जाबही विचारावा. पण पुष्कळ घरांत खाते मुलाचे आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा असतो. मुलाने साठ रुपयांचे सरबत प्याले की बापाच्या खिशात घंटी वाजते. मुलाला धोक्यापासून राखणे वेगळे आणि त्याच्या आवडीनिवडीवर पहारा ठेवणे वेगळे. महागडे बूट घेऊन तो महिनाअखेर रिकाम्या खिशाने हिंडला, तर ते बूटही त्याचे आणि तो रिकामा खिसाही त्याचाच.

पालकाने चालविलेल्या खात्याबाबत बँकेचा एक नियम आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या सहीचा नमुना नव्याने घेतात आणि शिल्लक रक्कम मान्य आहे काय, हे विचारतात. काही घरांत हा प्रश्न निर्धास्तपणे ऐकला जाईल. काही घरांत मात्र त्या दिवसापूर्वी बापाला मुलाजवळ बसून, वाढप्याच्या त्या मजुरीचे पुढे काय झाले ते सांगावे लागेल.