कर्तेपणाचा प्रश्न

औषधविक्रीच्या व्यवसायात जो प्रतिनिधी वर्षानुवर्षे डॉक्टरांचे उंबरठे झिजवून आपला मुलूख राखतो, त्यालाच बहुधा पुढे एरिया मॅनेजरचा हुद्दा मिळतो. आणि ज्या गुणांच्या बळावर हा हुद्दा मिळाला, तेच गुण आता आपल्या आड येत आहेत, असा अनुभव त्याला लवकरच येऊ लागतो. कालपर्यंत कर्म त्याचे होते आणि फळही त्याच्याच नावे जमा होत होते. आता कर्म मातहतांच्या हातून घडते आणि जाब मात्र त्याला द्यावा लागतो. दुसऱ्याच्या हातून घडणाऱ्या कर्माचा कर्ता कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारभाराचा नव्हे, तर तत्त्वचिंतनाचा आहे.

नवा मॅनेजर जॉइंट वर्कसाठी प्रतिनिधीबरोबर डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो. प्रतिनिधी डोसविषयी बोलताना अडखळतो, डॉक्टरांची नजर दाराबाहेरच्या रुग्णांकडे वळते, आणि मॅनेजर न राहवून स्वतःच बोलू लागतो. औषध लिहून देण्याचे आश्वासन मिळते खरे. परंतु पुढल्या खेपेस तोच प्रतिनिधी एकटा त्या दारात उभा राहील, तेव्हा आपल्या शब्दाला तेथे किंमत नाही ही जाणीव त्याच्या आधी आत शिरलेली असेल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध प्रयत्न आणि दैव. इतकी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. हा विचार ज्याच्या मनात मुरला, तो महिनाअखेरीस आकडा कमी पडताच प्रतिनिधीवर खापर फोडणार नाही. मुलखाची वाटणी न्याय्य होती काय, माल स्टॉकिस्टकडे वेळेवर पोहोचला काय, शिकवण पुरी झाली होती काय, याची तो आधी चौकशी करील.

टारगेट हेच जेथे भाकरीचे साधन, तेथे गीतेतल्या फलत्यागाची भाषा कोणत्या तोंडाने करावी, असा आक्षेप येथे येईल, आणि तो रास्त आहे. परंतु फलाशेचा त्याग म्हणजे परिणामाविषयी बेफिकिरी नव्हे. परिणाम, हानी, परपीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्माला गीता तामस म्हणते. महिन्याच्या अखेरच्या दिवसांत स्टॉकिस्टच्या गळ्यात नको असलेला माल बांधून कागदावर विक्री पुरी दाखवायची, आणि तोच माल मुदत संपल्यावर परत आला की पुढल्या हिशेबात तोंड लपवायचे, हे तामस कर्माचे ढळढळीत उदाहरण होय. फळाची आसक्ती येथे फळाचाच नाश करते.

तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाच्या विवेचनात ज्ञात्याला एक नाजूक सूचना केली आहे: कर्मात गुंतलेल्या माणसांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करून त्यांच्याकडूनही ती कर्मे गोडीने करवून घ्यावीत. लोकमान्य टिळकांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाला जे मोठे स्थान आहे, त्याचे मर्म मला या ‘करवून घेण्या’त दिसते. स्वतः करणे सोपे असताना दुसऱ्याला करू देणे हा एक प्रकारचा संन्यासच आहे; फरक इतकाच, की यात कर्म सुटत नाही, कर्तेपणाचा अभिमान सुटतो.

हा अभिमान सुटला म्हणजे जबाबदारी हलकी होते, असे मात्र कोणी समजू नये. पाच कारणांपैकी अधिष्ठान आणि साधने ही बव्हंशी अधिकाऱ्याच्याच हाती असतात; ती ज्याने पुरविली नाहीत, त्याला दुसऱ्याकडे फळाचा हिशेब मागण्याचा अधिकार नाही.