तीस नाणी

भिवंडीतल्या एका पॉवरलूम कारखान्यात नगरकडून आलेला एक ख्रिस्ती कारागीर होता. ताण्यातली तार तुटली की माग थांबवून क्षणात गाठ मारावी ती त्यानेच. बारा तासांची पाळी, कानात धोट्याचा खडखडाट. या गावातल्या माणसाला त्या आवाजात झोपही लागते. याला लागत नसे.

बारा वर्षांपूर्वी, घरच्या अडचणीत, त्याने कापडाचा एक तागा बाहेर नेऊन विकला होता. आळ आला शेजारच्या मागावरच्या सोबत्यावर. शेठने राहिलेला पगार न देताच त्याला काढून टाकलं, आणि हा मान खाली घालून माग चालवत राहिला. सोबती भिवंडीतच राहिला. पद्मानगरातल्या खोलीत नवराबायको कांड्या भरून पोट भरू लागली. हा त्या गल्लीत कधी वळला नाही. लांबचा रस्ता धरून बाजाराला जाई.

दर पगाराला मात्र तो अर्पणाच्या थैलीत ऐपतीबाहेर पैसे टाकी. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्याला थांबवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं.

पाळकसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "यहूदानेही पैसे परत केले होते, बाबा. तीसच्या तीस नाणी. पण ती टाकली मंदिरात, याजकांसमोर. ज्याला धरून दिलं, त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं होतं, आणि परत करायला त्याच्याकडे काहीसुद्धा नव्हतं. तरी काठावर प्रभू उभा आहे हे कळताच त्याने होडीतून उडी टाकली."

"मग प्रभूने त्याला काय विचारलं?"

"विचारलं, पण नंतर. आधी जेवायला बोलावलं. निखाऱ्यांवर मासळी भाजत होती, भाकर होती."

मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात यहूदाच्या पस्ताव्याला एक शब्द आहे आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या हाकेत दुसरा. पहिला म्हणजे मनाची टोचणी. दुसरा, मेटानोइया, म्हणजे मन वळणं, चुकल्या वाटेवरून परत निघणं. आपण पुष्कळदा टोचणीलाच पश्चात्ताप समजून ती जन्मभर जपतो, जणू पुरेसं दुखलं की क्षमा पदरात पडेल. ती अशी कमवावी लागत नाही. काठावरचे निखारे पेत्र पोचण्याआधीच पेटलेले होते.

पुढच्या रात्रपाळीनंतर तो आधी शेठकडे गेला, मग पद्मानगरात. सोबती उंबऱ्याशी कांड्या भरत बसला होता. केस पांढरे झाले होते.

"तो तागा मी नेला होता."

सोबत्याचे हात थांबले.

"त्या वर्षी माझ्या पोरीची शाळा सुटली," तो म्हणाला.

याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने ते शोधलंही नाही.

"शेठला सांगशील?"

"सांगून आलोय. माझं काम गेलं. हा तुझा तेव्हाचा पगार, माझ्या हिशेबातून मागून घेतलाय."

सोबत्याने नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत. बराच वेळ तो दोऱ्याकडे बघत राहिला. मग आत तोंड करून म्हणाला, "अगं, एक ताट जास्त वाढ." आणि याच्याकडे न बघताच,

"रात्रपाळी करून आलास ना? बस."