‘झाले’ आणि ‘झाले आहे’

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला शब्द फारसे अडवत नाहीत. ते पाठ होतात. स्पेलिंगही घोटून घोटून येते. तो खरा अडतो काळापाशी, आणि त्यातही पूर्ण वर्तमानकाळापाशी. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोटल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून तर पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरीही दहावीचा चांगला हुशार मुलगा ‘ही हॅज कम यस्टर्डे’ असे बिनदिक्कत लिहितो. शिक्षक म्हणून त्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढतो खरा. पण मुलाची बाजू मला मनातून पटते.

कारण ‘मामा काल आले आहेत’ हे मराठी वाक्य अगदी निर्दोष आहे. मामा काल आले, आज माजघरात बसून चहा घेत आहेत, आणि भाऊबीज झाल्याशिवाय हलणार नाहीत, एवढे सगळे त्या ‘आहेत’मध्ये आले. इंग्रजीला हे मान्य नाही. तुम्ही ‘काल’ म्हणालात, वार सांगितलात, साल सांगितलेत, की ती घटना संपली. तिचे दार लागले. मग ‘ही केम’ म्हणायचे. ‘हॅज’ हवे असेल, तर तारखेवर पाणी सोडावे लागते.

नियम रुक्ष वाटतो, पण त्यामागचा भेद आपण घरोघर पाळतो. फराळाचे ताट पुढे केले की पाहुणा म्हणतो, ‘नको हो, आत्ताच जेवून आलो आहे.’ तो आपल्याला जेवणाची हकीकत सांगत नसतो. आता पोटात जागा नाही, हे सांगत असतो. घडलेल्या गोष्टीची आज उरलेली शिल्लक सांगणे, हे या काळाचे काम.

ही शिल्लक दोन भाषांनी दोन तऱ्हांनी मांडली आहे. इंग्रजीतले ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. ‘लिहिलेले पत्र माझ्याजवळ आहे’ अशा धाटणीच्या जुन्या वाक्यांतूनच पुढे ‘आय हॅव रिटन’ हे रूप घडले. मराठीने जवळ असणे घेतले नाही, नुसते असणे घेतले. ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’: इथे क्रियापद माझ्याकडे पाहतच नाही, ते पत्राच्या किंवा चिठ्ठीच्या मागे जाते. इंग्रजी कृत्य कर्त्याच्या पदरात टाकते. मराठी म्हणते, ते आता जगात उभे आहे, कर्ता त्याला आपले म्हणो वा न म्हणो.

इथवर व्याकरण झाले. पुढचा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात सापडायचा नाही.

एक भाऊ दुसऱ्याला म्हणतो, ‘मी तुला अडचणीत पैसे दिले आहेत.’ दुसरा सहज उत्तरतो, ‘हो, दिले होतेस.’ दोघेही खरेच बोलत आहेत. परंतु ‘आहेत’चे ‘होतेस’ करताना धाकट्याने एक पैसाही न मोजता निम्मे कर्ज फेडून टाकले! शब्द मोडणारा, मन दुखावणारा, म्हाताऱ्या आईला दुसऱ्याच्या गळ्यात टाकणारा, सगळे हेच करतात. घडलेले कोणी नाकारत नाही. त्याचा फक्त काळ बदलतो. ‘झाले ते झाले’ या आपल्या लाडक्या वाक्यात ‘आहे’ कुठेच नाही, हे आपल्या ध्यानात आले आहे का?

म्हणून मला विचारावेसे वाटते: हा काळ बदलण्याचा अधिकार कोणाचा? माझे उत्तर असे, की ज्याचे काही गेले, त्याचा. ज्याला दुखावले तो म्हणू शकतो, ‘तू मला दुखावले होतेस’; याच वाक्याला क्षमा म्हणतात. दुखावणाऱ्याने मात्र ‘मी दुखावले आहे’ असेच म्हणत राहावे. उपकाराचे गणित नेमके याच्या उलट. करणाऱ्याने ‘केले होते’ म्हणून विसरावे, घेणाऱ्याने ‘केले आहे’ म्हणून आठवावे. घराघरांतली भांडणे पाहिली, तर बहुतेक ठिकाणी ही दोन रूपे चुकीच्या तोंडी गेलेली दिसतात.

कोणी म्हणेल, माणसाने जन्मभर ‘आहे’ वाहत राहायचे काय? विस्मृती ही देवाची देणगीच नव्हे का? आहे, आणि ती नसती तर जगणे कठीण झाले असते. पण देणगी घेणे वेगळे आणि ती दुसऱ्याच्या खिशातून काढणे वेगळे. कर्जदाराला विस्मृतीपेक्षा सरळ वाट मोकळी असते, ती फेडीची.

मात्र त्या वाटेलाही मुदत आहे. आइन्स्टाइन १९३३ पासून १९५५ साली मृत्यू येईपर्यंत प्रिन्स्टनला राहिले. आज त्यांच्याविषयी ‘ही हॅज लिव्ह्ड इन प्रिन्स्टन’ म्हटले तर इंग्रजी कानाला खटकते. गेलेल्या माणसाच्या आयुष्याला ते रूप सहसा लागत नाही. मराठी याबाबतीत उदार आहे. तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षे होत आली, तरी आपण ‘तुकोबांनी म्हटले आहे’ असेच म्हणतो. पण ज्याचे आपण देणे लागतो तो माणूसच गेला, तर आपले ‘आहे’ पुसून ‘होते’ करायला कोण येणार? ते तसेच राहते.

इंग्रजीत आणखी एक काळ आहे, पूर्ण भविष्यकाळ. ‘उद्या या वेळेपर्यंत मी हे केलेले असेन’ असे त्यात म्हणता येते. आपण उद्याच्या उंबरठ्यावर उभे राहून आजकडे वळून पाहतो. मुलांना हा काळ निरुपयोगी वाटतो. मला तो चाळिशी ओलांडल्यावर कळू लागला.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. वही कोरी असली, तरी जुन्या वहीतली बाकी तिच्यात ओढावीच लागते. नवी वही घेतल्याने कोणाचे खाते बेबाक होत नाही. वाचकहो, घरच्या वहीतही अशी एखादी बाकी असेल, आणि ते माणूस अजून हाकेच्या अंतरावर असेल, तर पाडव्याला फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडे जाऊन यावे.