किती वाळावे?

वैराग्य म्हणजे कोरडे होणे काय, असा प्रश्न आम्हांस कीर्तनानंतर पुष्कळदा विचारला गेला आहे, आणि आम्हीही त्याला पुष्कळदा ठरीव उत्तर दिले आहे. ओले लाकूड चुलीत घातले तर धूरच व्हायचा. संसाराची ओल आधी जाऊ द्या, म्हणजे अग्नी धरील. दृष्टान्त सोपा. श्रोते माना डोलवतात, टाळकरी गजर धरतात, काम भागते. पण लाकूड केवळ जाळण्यासाठीच तोडतात असे थोडेच आहे? ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली, आणि तीही एका भाच्यामुळे.

हा भाचा अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात असतो. नोकरी सांभाळून लाकडी धनुष्ये करण्याचा त्याला नाद. त्या मुलखात ओसेज ऑरेंज नावाचे काटेरी झाड होते. ओसेज हे तिकडच्या मूळच्या लोकांपैकी एकांचे नाव. ते या लाकडाची धनुष्ये करीत, आणि मागून आलेल्या फ्रेंचांनी तर झाडालाच ‘धनुष्याचे लाकूड’ म्हटले. कौटिल्याने धनुष्याची द्रव्ये ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी सांगितली आहेत, हे आम्ही पाठशाळेत घोकले होते. सीतास्वयंवराचे आख्यान तर शेकडो वेळा लावले. पण धनुष्य मुळात मोडते कशाने, हे विचारावेसे कधी वाटले नाही!

तो म्हणाला, “मामा, पहिला ओंडका मी उन्हात टाकला. लवकर वाळेल म्हणून. थोड्या दिवसांत दोन्ही तोंडांनी उकलला.”

“अरे, लाकूड वाळतं तेव्हा चिरा जायच्याच.”

“नाही मामा. वाळल्यानं नाही चिरत. बाहेरून वाळलं आणि आत ओलं राहिलं, की चिरतं.”

मग त्याने रीत सांगितली ती अशी. झाडात पाणी चढते ते खोडाच्या लांबीने. म्हणून कापलेल्या तोंडांतून ते बाजूपेक्षा कित्येक पटींनी वेगाने बाहेर पडते. यासाठी ओंडका पडल्याबरोबर, त्याच दिवशी, दोन्ही तोंडांना मेण, सरस नाहीतर रंग माखायचा. म्हणजे पाण्याची घाईची वाट बुजवायची. पुढे पाचरी ठोकून ओंडका उभा फोडायचा. करवत लावायची नाही, कारण पाचर रेषांच्या मागून जाते आणि करवत रेषा तोडते. अखंड गोल ठेवला तर तो बहुधा फाटतोच. लाकूड वलयाच्या अंगाने जितके आकसते, तितके गाभ्याकडे आकसत नाही. साल काढली नाही तर तिच्याखाली किडे पोखरतात, आणि काढून तसेच उघडे टाकले तर पाठ तडकते. म्हणून साल काढायची, वरचे पांढरे लाकूड तासायचे, एकाच वर्षाचे वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचे, आणि लगेच त्यावर लाखेचे रोगण द्यायचे. मग सावलीत, वारा खेळता राहील असे, ठेवून द्यायचे. जाडीच्या इंचाला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे.

सर्वांनाच पांढरे तासावे लागते असे मात्र नाही. इंग्लंडात यू नावाच्या झाडाचे धनुष्य करीत, त्यात बाहेरचे पांढरे मुद्दाम राखीत; ते ताण सोसते, आणि आतला गाभा दाब सोसतो. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ साली वर काढले. त्याच्या उत्खननात अशी शंभरावर धनुष्ये सापडली. एकाला टाकाऊ ते दुसऱ्याचे बळ. आम्ही मात्र व्यासपीठावरून सगळ्या गावाला एकच रंधा मारीत आलो.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही थक्क झालो. ताज्या लाकडातले पहिले पाणी जाते तेव्हा लाकूड आकसतही नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा तीसांच्या आसपास ओल उरली, म्हणजे मग खरे आकसणे सुरू होते. चहा सोडला, पान सोडले, ते हे पहिले पाणी! त्यावर आम्ही हार घालून मोकळे होतो. पुढचे जे तंतूंत मुरलेले आहे, ते सुटताना माणसाचे काय होते, ते पाहायला आम्ही दुसऱ्या गावी गेलेलो असतो.

कोणी म्हणेल, मग ओलेच वाकवावे. तेही नाही. ओल्याचे धनुष्य मोडत नाही खरे, पण ते नमते आणि नमलेलेच राहते. दोरी उतरली तरी पाठ सरळ होत नाही. आणि अती वाळवले तर? भाचा म्हणाला, शेकडा आठ-दहा ओल राहावी. सहाच्या खाली गेले की ताणताना काडकन मोडते. आपल्या भाषेने हे आधीच ओळखले आहे. माणसात ‘ओलावा’ आहे म्हणतो, ती निंदा नव्हे. संस्कृतातही ‘दयार्द्र’ म्हणतात तो भिजलेलाच.

हे सर्व इतके लांबवण्याचे कारण सांगावयास जड जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी आमचे वैराग्यावरचे कीर्तन ऐकून एक तरुण उठला. घर सोडले, आईशी बोलणे सोडले. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याचे भर सभेत कौतुक केले. दोन वर्षांनी तो परतला तो दारू पिऊन, आणि आईवर हात टाकू लागला. ती माउली आमच्याकडे आली. म्हणाली, “महाराज, तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला?” आम्ही म्हणालो, “त्याचं प्रारब्ध, बाई.” ती काही बोलली नाही. पदर सावरून निघून गेली.

लाकडात खोट असते, नाही असे नाही. पण उन्हात कोणी ठेवले, हा प्रश्न प्रारब्धाने सुटत नाही. तोंड माखायला हवे होते, म्हणजे त्याला सांगायला हवे होते की बाळा, आज घरी जा, आईच्या हातचे जेव, पुढच्या वारीला भेट. एवढे वाक्य आम्हांला सुचले नाही, कारण सभा टाळ्या वाजवीत होती.

लाकूड वाळले हे भाचा कशावरून ओळखतो? रंगावरून नव्हे. तो ते वजन करून पाहतो, दर आठवड्याला, आणि वहीत मांडतो. वजन उतरायचे थांबले, मगच वाकस हाती धरतो. आम्ही गेल्या महिन्यात विचारले, दुसऱ्या ओंडक्याचे काय झाले? दोन वर्षे होऊन गेली होती.

म्हणाला, “अजून उतरतंय, मामा.”