चिखल तुडवणारे पाय

कथालेखनावरचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं की आधी शब्दांचंच दडपण येतं. निवेदक, दृष्टिकोन, पूर्वसूचना, प्रतिमा, प्रतीक. व्याख्या पाठ होतात, कथा मात्र उभी राहत नाही. या संज्ञा व्याख्येतून शिकूच नयेत, असं मला वाटतं. चांगली गोष्ट समोर ठेवावी आणि सांगणाऱ्याने कुठे काय निवडलं ते पाहावं. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलामुलींना तर त्यासाठी लांब जायला नको.

कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा घ्या. घटना एवढीशी. टोमॅटो बाजारात नेले, भाव मिळाला नाही, शेवटी बापाने आपलाच माल पायाखाली तुडवला. बातमीत हे दोन ओळींत संपलं असतं. कथेत ते संपत नाही, कारण हे सगळं आपण मुलाच्या नजरेतून पाहतो. बापाच्या मनात शिरून लिहिलं असतं तर कर्जाचे हिशेब आले असते. व्यापाऱ्याच्या बाजूने लिहिलं असतं तर वाढलेल्या आवकेचं कारण आलं असतं. पोराला बाजार पुरता कळत नाही, बाप मात्र कळतो. चारचौघांत बापाचीच किंमत उतरताना तो बघतो आणि आपल्या पोटात कालवतं. दृष्टिकोन म्हणतात तो हाच. घटना कोणती यापेक्षा ती कोणाच्या डोळ्यांनी पाहायची, हा निर्णय मोठा.

आता शीर्षक पाहा. त्यात शेतकरी नाही, टोमॅटो नाही, अन्यायही नाही. फक्त रंग आणि चिखल. डोळ्यांना दिसते ती प्रतिमा. रक्ताचं नाव न घेता रक्त आठवतं, एका माणसाचा चिखल साऱ्या कुणब्यांच्या कष्टाचा वाटू लागतो, तेव्हा त्या प्रतिमेचं प्रतीक होतं.

याच जिल्ह्यात संत गोरोबाकाकांचं तेर आहे. गोरोबाकाका विठ्ठलनामात दंग होऊन माती तुडवत होते आणि तान्हं मूल पायाखाली आलं तरी त्यांना कळलं नाही, ही आख्यायिका इथे लहानपणीच कानावर पडते. कीर्तनकार ती कशी रचतात ते नीट ऐका. आधी कुंभाराचं काम, मग मुलाला ठेवून पाण्याला गेलेली आई, मग रांगत निघालेलं मूल. ऐकणाऱ्याला धोका दिसतो, गोरोबांना दिसत नाही. पुढचं आधी पेरून ठेवण्याच्या या कौशल्याला पूर्वसूचना म्हणतात. तुडवणारे पाय दोन्हीकडे आहेत, भान दोन्हीकडे हरपलेलं आहे. एकीकडे भक्तीने, दुसरीकडे संतापाने. प्रतिमेला अर्थ भोवतालच्या गोष्टीतून मिळतो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? चंदनशिवांच्या मनात तेर होतं की नाही, याला इथे महत्त्व नाही. या मातीतल्या वाचकाच्या मनात ते असतंच.

नवे लेखक सर्वांत जास्त चुकतात ते तपशिलात. ‘शेतकरी फार दुःखी झाला’ असं लिहून मोकळे होतात. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘हमाली, तोलाई कापून आलेली पट्टी त्याने घडी घालून खिशात ठेवली. एस.टी.त बसल्यावर पुन्हा काढली, पुन्हा वाचली.’ यात दुःख हा शब्द नाही, आणि त्याची गरजही उरली नाही. संवादाचंही तेच. पात्र घरात जसं बोलतं तसंच कागदावर बोलू द्यावं. मराठवाडी बोली पुसून काढली की माणूसही पुसला जातो.

10 ते 12 जानेवारी 2020 या दिवसांत 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव शहरात भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. अशा सोहळ्यांनी उमेद नक्की मिळते, पण लिहिण्याची सवय एकट्यानेच लावावी लागते. म्हणून लिहू पाहणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: ‘लाल चिखल’ मिळवा आणि दोनदा वाचा. मग तोच बाजार, तोच दिवस, बापाच्या नजरेतून एका पानात लिहून काढा.