रविवारची रिकामी जागा

शास्त्रपाठ : दानीएल 3:16-18



रग्बीचा खेळ आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. लंबगोल चेंडू हाती घेऊन पंधरा-पंधरा गडी एकमेकांना भिडतात. न्यूझीलंडमध्ये मात्र लहानथोर या खेळाने वेडावलेले. त्या देशाचा खेळाडू मायकेल जोन्स याच्याकडे आम्ही आज मंडळीचे लक्ष वेधू इच्छितो.

1987 साली पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. 22 मे रोजी इटलीविरुद्ध जोन्स न्यूझीलंडतर्फे प्रथमच उतरला व चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून त्याने गुण मिळवले. पुढे वेल्सविरुद्धचा उपांत्य सामना 14 जूनला, रविवारी आला. जोन्स खेळला नाही. रविवार प्रभूचा, हा त्याचा नेम होता. त्याच्यावाचूनही संघ जिंकला. शनिवारी, 20 जूनला, अंतिम सामन्यात तो परतला, फ्रान्सविरुद्ध पुन्हा गुण मिळवले आणि न्यूझीलंडने 29-9 असा चषक जिंकला.

गोष्ट येथेच संपली असती, तर उपदेश करणे किती सोपे झाले असते! रविवार पाळा, चषक मिळवा. परंतु पुढचे ऐका. 1989 साली त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यातून तो उठला. 1991 च्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना पुन्हा रविवारी आला. जोन्स बाहेर राहिला आणि न्यूझीलंड 16-6 असे हरले. 1995 साली महत्त्वाचे सामने रविवारी येणार म्हणून विश्वचषकाच्या संघात त्याची निवडच झाली नाही. त्याच वर्षी या खेळात उघडपणे पैसा आला, खेळ हाच पेशा झाला. तरी त्याचा नेम ढळला नाही. 1998 पर्यंत तो न्यूझीलंडतर्फे 55 कसोटी सामने खेळला.

मग देवाने त्याला सोडले काय? शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांचे उत्तर आठवा. आमचा देव सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. विश्वासाची कसोटी त्या 'तरीही' शब्दात आहे. 1987 चा जोन्स सर्वांना आवडतो. 1991 चा जोन्स आम्हांला अधिक शिकवतो. देवाशी केलेला करार हा सौदा नव्हे.

रविवारी रुग्णालयात रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिका, गाड्या चालवणारे रेल्वे कामगार आपल्याच मंडळीत आहेत. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शब्बाथ दिवशी रोग्यांना बरे करणारा आपला प्रभू त्यांचे अंतःकरण जाणतो. आमचा प्रश्न त्यांना आहे, ज्यांना कोणी अडवलेले नाही. क्रिकेटचा सामना, मुलांची शिकवणी, आदल्या रात्रीचे जागरण, एवढ्यासाठी उपासनेतील आपली जागा रिकामी राहते. जोन्सची जागा मैदानावर रिकामी राहिली आणि तिने साक्ष दिली. आपली रिकामी जागा कशाची साक्ष देते?

आणि आम्ही, जे दर रविवारी वेळेवर येऊन बसतो, तेही स्वतःला तपासू या. ज्याची किंमत आपल्याला कधी मोजावी लागली नाही, त्या आज्ञापालनाचा अभिमान कसला? येत्या आठवड्यात 'तरीही' म्हणण्याची वेळ आली, तर प्रभू आपणां सर्वांस तेवढे बळ देवो. आमेन.